एक हॉल, तीन फोन

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम तीन हजार नऊशे रुपये: कॅमेऱ्याचे दोन हजार चारशे आणि चित्रण साठवून ठेवण्याची वर्षाची वर्गणी पंधराशे. हजर माणसं पाच: सासूबाई, त्यांची तिन्ही मुलं आणि मी. थोरले दीर बंगलोरला असतात, ते मोबाइलच्या पडद्यावर हजर होते. तरी मी त्यांना हजेरीत धरते, कारण त्या दिवशी सगळ्यांत जास्त तेच बोलले. धाकटी नणंद नाशिकहून आली होती. माझा नवरा मधला. तो नेहमीप्रमाणे ऐकत होता.

विषय सासूबाईंचा. जानेवारीत त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. नवरा चाकणला कारखान्यात, मी एका कॉलेजच्या हिशेब विभागात, मुलगा शिकायला बाहेरगावी. कात्रजच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर त्या एकट्या असतात. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा त्या बाथरूमच्या दाराला टेकून खाली बसल्या होत्या. मनगट सुजलं होतं.

"अहो आई, किती वेळ झाला?"

"तुझ्या ऑफिसच्या वेळा तुलाच माहीत," त्या म्हणाल्या.

मनगटाला बारीक चीर होती, बाकी काही नाही. दुसऱ्याच दिवशी मी प्लंबर बोलावून बाथरूममध्ये हात धरायला दोन दांड्या बसवून घेतल्या. पण दिरांना तेवढ्यानं चैन पडेना. त्यांच्या सोसायटीत म्हणे घरोघरी कॅमेरे आहेत. लोक ऑफिसात बसून आईवडिलांवर लक्ष ठेवतात.

"तुझ्यासाठीच आहे आई. तू कशी आहेस ते आम्हाला इथून दिसेल," ते म्हणाले.

"पडले बाथरूममध्ये आणि कॅमेरा हॉलमध्ये. हुशार आहात."

"अगं, बाथरूममध्ये कसा लावणार?"

"तेवढी तरी लाज आहे म्हणायची."

नणंद हसत म्हणाली, "पण आई, चालेल ना तुला?"

"चालता येत नाही म्हणूनच लावताय ना?"

सगळे हसले, आणि संमती मिळाली असं धरलं गेलं. 'लपवण्यासारखं काय आहे आपल्या घरात?' हे वाक्य त्या दिवशी दोनदा तरी म्हटलं गेलं. एकदा मीही म्हटलं.

मग पैशांचं निघालं. सगळे मीच देतो, असं दीर म्हणाले, तेव्हा मी मध्ये पडले. सासूबाईंच्या औषधपाण्याचा खर्च आम्ही काही वर्षांपासून तीन ठिकाणी वाटतो. ती पद्धत माझी. कोणी जास्त दिलं की तो मनात धरतो आणि कमी देणाऱ्याची मान खाली जाते. हिशेबाच्या नोकरीत एवढं शिकायला मिळतं. म्हणून मी म्हणाले, "खर्च तीन ठिकाणी, तर बघणंही तीन ठिकाणी. प्रत्येकी तेराशे आणि तिघांच्याही फोनवर ॲप." कुणालाच हरकत नव्हती. वाटणी चोख झाली याचा मला आनंदही झाला. त्या तिघांत माझा फोन नव्हता. वाटणी मुलांची होती, मी सून. ते मला तेव्हा खटकलं नाही.

कॅमेरा हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागला, समोरच्या दिवाणाकडे तोंड करून. तो दिवाण म्हणजेच सासूबाईंची खोली. वेगळी खोली दिली होती, पण तिथून दार दिसत नाही म्हणून त्या हॉलमध्येच झोपतात. महापालिकेच्या शाळेत त्यांनी पूर्ण नोकरी मास्तरीणबाई म्हणून काढली. आता ऐंशी ओलांडली आहे, डावा कान गेला आहे, पेन्शन मात्र त्या स्वतः बँकेत जाऊन आणतात. कोण आलं, कोण गेलं हे त्यांना दिसायला हवं असतं.

यंत्रात बोलायचीही सोय होती. पहिल्याच आठवड्यात भरदुपारी दिरांचा आवाज भिंतीतून आला, "आई, गोळी घेतलीस का?" सासूबाई दचकल्या, पण मग उत्तर दिलं. पाच मिनिटं गप्पा झाल्या. शेवटी दीर सवयीनं म्हणाले, "बरं आई, ठेवतो." पुढे रोजच तसं होऊ लागलं. त्या 'ठेवतो'मुळे सासूबाईंचा समज पक्का झाला की हा एक प्रकारचा फोनच आहे. चित्र त्याला दिसत असेल, पण बोलणं लेकानं फोन ठेवला की बंद. तो समज आमच्यापैकी कुणी दूर केला नाही, कारण असा काही समज आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या मते सगळ्यांना सगळं माहीत होतं.

सुरुवातीला बरं वाटलं. ऑफिसात काम करताना जिवाला घोर नव्हता. मग बारीकसारीक गोष्टी जाणवू लागल्या. गाऊनवर हॉल ओलांडायचा तर मी ओढणी घेऊ लागले. नवरा बनियनवर पेपर वाचायचा, तो आतल्या खोलीत वाचू लागला. दिरांचा निरोप यायचा, "आज आईला जेवायला दोन वाजले का?" एका सकाळी नणंदेनं मला लिहिलं, "वहिनी, नवीन कुकर घेतलास का? शिट्टी वेगळी वाटली." मी डबा भरता भरता थांबले. कात्रजच्या माझ्या स्वयंपाकघरातली शिट्टी नाशिकला मोजली जात होती. तिचा हेतू प्रेमाचा होता, हेही मला कळत होतं. मी लिहिलं, "कुकर जुनाच, रिंग नवीन."

आता आम्हा सासूसुनेच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नोकरीत होत्या आणि वर्गाशी बोलत तशाच माझ्याशी बोलत. पहिली दोनतीन वर्षं मी गप्प ऐकून घेतलं. एकदा माझी भाकरी करपली. त्या म्हणाल्या, "एक बाजू सुटली वाटतं. तीही करपव, म्हणजे जोडी होईल." माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती." नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी ती भाकरी कडेसकट संपवली, हात धुतला आणि म्हणाल्या, "हिला बोलता येतं तर." त्या दिवसापासून आमचं जमलं.

तेव्हापासून आमच्यात सरळ वाक्य क्वचितच झालं आहे. चहा दिला की त्या म्हणणार, "इतका पांचट चहा सरकारी ऑफिसातही मिळत नाही." मी म्हणणार, "पेन्शन आणायला जाता तेव्हा तिथेच पिऊन या." वेणी घालताना त्या म्हणणार, "ओढ, सगळे ओढून काढ. तेलाचा खर्च वाचेल." मी म्हणणार, "तेवढ्यासाठीच तर चाललंय." त्यांचा डावा कान गेल्यापासून हे सगळं चढ्या आवाजात चालतं. आणि सासूबाई हसतात तेव्हा आवाज येत नाही. नुसते खांदे हलतात.

मार्चच्या शेवटी एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर त्या हॉलमध्ये स्टुलावर एक पाय ठेवून उभ्या. माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायची होती. मनगटाचा पट्टा जेमतेम सुटलेला. मी ओरडले, "चढा, चढा! परत पडलात तर उचलायला मी नाही येणार, सांगून ठेवते. तिकडून बंगलोरहून येतील उचलायला!" त्या पाय खाली घेत म्हणाल्या, "ते येईपर्यंत लोणचं मुरेल." मी त्यांना दंडाला धरून दिवाणावर बसवलं, बरणी काढून दिली आणि ऑफिसला गेले. दिवसभर मला ते वाक्य आठवून हसू येत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी नवरा संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दादाचा फोन होता. तू जरा आईशी बोलताना... सांभाळून बोल."

"म्हणजे?"

"त्या दोघांनी ऐकलंय."

"कुठे ऐकलं?"

त्यानं टीव्हीच्या वर बोट दाखवलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तसं काही नाही, ते त्यांचं बोलणंच तसं आहे, असं म्हणालो."

"मग?"

"दादा म्हणाला, तू दिवसभर घरात नसतोस, तुला काय माहीत. आमच्याकडे रेकॉर्ड आहे."

मी त्याचा फोन घेऊन आत गेले आणि पहिल्यांदा ते ॲप उघडलं. हालचाल झाली किंवा मोठा आवाज झाला की ते यंत्र तेवढा तुकडा साठवतं आणि फोनवर सूचना पाठवतं. त्याला वेणी, तेल, खांदे यातलं काही कळत नाही. मोठा आवाज तेवढा कळतो. एकापाठोपाठ एक तुकडे मी ऐकत गेले. 'उचलायला मी नाही येणार.' 'तेवढ्यासाठीच तर चाललंय.' 'गोळ्या गिळा एकदाच्या, म्हणजे मी सुटले.' सगळीकडे माझा आवाज, वरच्या पट्टीत. सासूबाईंची पाठ तरी दिसत होती नाहीतर त्या बोलायच्या आत तुकडा संपत होता. लोणचं मुरेल हे वाक्य कुठेच नव्हतं. मी नाशिकला राहत असते आणि माझ्या आईच्या घरातलं हे ऐकलं असतं, तर मीही गाडी काढून निघाले असते.

जे नव्हतं ते मी शोधलं. रोज रात्री जेवणानंतर मी त्यांच्या पायांना तेल लावते. त्या चष्मा लावून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. अर्धा अर्धा तास आम्ही एक शब्द बोलत नाही. त्याचा तिथे एकही तुकडा नव्हता. कसा असेल? त्यात ना यंत्राला जाणवेल अशी हालचाल होती, ना आवाज.

दिरांनी आणि नणंदेनं आपसात ठरवलं होतं. आईला नाशिकला न्यायचं, कायमचं. नणंदेनं खालची खोली रंगवून घेतली होती. येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार होती. हे सगळं नवऱ्याला सांगून झालं होतं. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी माझी बाजू मांडून त्यांना वळवलं, असं झालं असतं.

तो आठवडा मी हळू आणि गोड बोलले. हो आई, नाही आई, देऊ का आई. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"बरं नाही का तुला?"

"नाही हो, काही नाही."

"मग कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग हे दुखवट्याला आल्यासारखं काय बोलतेस? आणि मोठ्यानं बोल. निम्मं ऐकू येत नाही."

मला उत्तर सुचत होतं, पण मी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. आपल्या घरात असं गिळून टाकण्याची वेळ माझ्यावर लग्नाच्या पहिल्या दोनतीन वर्षांनंतर आली नव्हती.

रविवारी सकाळी नणंद आली. माझ्याशी बोलली नाही असं नाही, पण 'वहिनी' म्हणाली नाही. आईच्या शेजारी दिवाणावर बसली, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, मी तुला न्यायला आले आहे. कपडे भर. औषधं मी घेते."

"कुठे?"

"आपल्या घरी. माझ्याकडे."

"का? तुला बरं नाही का?"

"आई, तू सांगत नसलीस तरी मला माहीत आहे. तुला इथे कसं वागवतात ते सगळं मी ऐकलंय."

"कोणाकडून ऐकलंस?"

नणंदेनं पर्समधून फोन काढला आणि त्यातला एक तुकडा लावला. माझाच आवाज हॉलभर झाला: चढा, चढा! परत पडलात तर उचलायला मी नाही येणार.

सासूबाईंनी फोन उजव्या कानाशी धरला. परत लावायला सांगितला. मग विचारलं, "हे कधीचं?"

"मार्चमधलं."

"तेव्हा दादाचा फोन चालू नव्हता."

"फोन कशाला चालू असायला हवा? हे कायम चालूच असतं आई."

सासूबाईंनी वर पाहिलं. त्या माझ्याबद्दल काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"दुपारचंही?"

नणंदेनं फोन पर्समध्ये टाकला.

दुपारी जेवणानंतर सासूबाई त्यांच्या शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीला फोन लावतात. कान गेल्यापासून स्पीकरवर. दोघी मास्तरणी, दोघी बहिऱ्या, तासभर एकमेकींना ओरडून आपापल्या घरचं सांगतात. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले तर आतल्या खोलीचं दार लावून घेते. तेवढं सासूसुनांत कळतं.

"दुपारचंही ऐकलंस का, ते विचारते मी," सासूबाई म्हणाल्या.

"हो," नणंद म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे दोन दिवसांच्या वर तुला राहवत नाही, हे ऐकलं. तिथे पाहुणीसारखं बसवून ठेवतात, हे ऐकलं. लेकीच्या घरी श्वास कोंडतो म्हणालीस ना त्यांना? तेही ऐकलं."

मला तेव्हा कळलं की ती नुसती माझ्या बोलण्यासाठी आली नव्हती. ती खालची खोली कशासाठी रंगवली होती तेही कळलं. नवरा दारात उभा होता, त्याला बसायचं सुचलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ते तुला सांगितलं नव्हतं."

"पण म्हणालीस ना?"

"म्हणाले. तिला म्हणाले."

"खरं आहे का ते?"

"तुझ्या घरी सगळे माझ्याशी हळू बोलतात गं. आदरानं बोलतात. जावई तर कानात सांगितल्यासारखे बोलतात. मला एक अक्षर ऐकू येत नाही. मी नुसती मान हलवते. दोन दिवस हलवते, मग मान दुखते."

नणंदेनं डोळे पुसले. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात भिंतीतून दिरांचा आवाज आला.

"आई, तू शांत हो बघू. आम्ही तुझ्या भल्यासाठीच करतोय. मी मघापासून ऐकतोय..."

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. कुणालाही त्यांची आठवण नव्हती. सासूबाई त्या काळ्या डोळ्याकडे बघत म्हणाल्या, "तू कधी आलास?"

"अगं, मी इथेच आहे. बंगलोरला."

"ते माहीत आहे. इथे कधी आलास? दार कोणी उघडलं तुला?"

"आई, काय बोलतेस..."

"चपला बाहेर काढल्यास का? तुझी बहीण माझ्यासमोर रडते आहे. तुला बसायला कोणी सांगितलं?" मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या आवाजात, "त्याला बाहेर घालव."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हलला नाही, पण नको असंही म्हणाला नाही. मी टीव्हीच्या मागे हात घालून पिन ओढली. दिवा विझला. मग खुर्चीवर चढून कॅमेरा काढला, वायर गुंडाळली आणि कपाटात टाकला.

सासूबाई नणंदेला म्हणाल्या, "ही मला बोलते, कारण मी हिला बोलते. ती आमची पेटी-तबल्याची जोडी आहे. तुला एकटा तबला ऐकवला त्या यंत्रानं. हिच्यावर राग धरू नकोस." नणंदेनं मान हलवली. मग मला म्हणाली, "चहा टाकतेस का, वहिनी?" मी चहा टाकला. कुणी तो पांचट असल्याचं म्हणालं नाही.

मला वाटलं, संपलं. पण दुपारी सासूबाईंनी ट्रंक ओढली आणि कपडे भरायला सुरुवात केली.

"हे काय आई?" मी विचारलं.

"जाते तिच्याबरोबर."

"पण तुम्हीच आत्ता म्हणालात ना..."

"म्हणूनच जाते. कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून जात नाही. तिला लागलंय."

"मग समजवा तिला. रागात बोलले, मनात तसं नव्हतं म्हणा."

"रोज सकाळी पंचशील घेते मी, खोटं बोलणार नाही म्हणून. खोटं कसं सांगू?" त्या घड्या घालत राहिल्या. "मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ते नुसतं मन मोकळं करणं होतं. फोन ठेवला की संपलं. आता ते हिच्या कानावर गेलं, आता ते माझं मत झालं. जाऊन राहिल्याशिवाय ते बदलायचं नाही. तिचंही आणि माझंही."

"परत कधी याल?"

"हे बघ, मी निघाले नाही तोच हाकलते आहे," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायांच्या तेलाची बाटली ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून बसल्या. त्या त्रिशरण-पंचशील रोज मोठ्यानं म्हणतात, जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या दिवशी नुसते ओठ हलले. कॅमेरा कपाटात होता, त्यांनी स्वतः पाहिला होता. तरी वंदना झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "बंद आहे ना नक्की?"

त्या गेल्यावर घर फार नीटनेटकं झालं. दिवाणावरची चादर दिवसभर सरकत नसे. मला संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं. नवरा चांगला माणूस आहे, पण त्याला टोमणा मारला तर तो 'सॉरी' म्हणतो.

या काळात मी कॅमेऱ्याचं प्रकरण बंद करायला घेतलं, आणि तिथे माझं डोकं जास्त चाललं. खातं दिरांच्या नावावर. त्यांनी वर्गणी बंद करायला अर्ज केला. साठवलेलं चित्रण नियमानुसार यथावकाश पुसलं जाईल, असं उत्तर आलं. यथावकाश म्हणजे कधी, ते लिहिलेलं नव्हतं. नणंद म्हणाली, माझ्या फोनमधले तुकडे मी काढले. दीर म्हणाले, मीही काढले. नवऱ्याच्या फोनमधले मी स्वतः काढले. माझा तिघांवरही विश्वास आहे. पण माझ्या धंद्यात रक्कम दिली की पावती असते, वस्तू मोडीत काढली की त्याचा कागद असतो. एखादं बोलणं पुसलं गेल्याचा कागद कुठे मिळतो? आमच्या हॉलमधली ती सकाळ, नणंदेच्या फुटलेल्या आवाजासह, कुठल्या शहरात, कुणाच्या यंत्रात पडून आहे हे मला आजही सांगता येणार नाही. पिन काढण्याआधीचं सगळं त्यात आहेच.

लपवण्यासारखं काय आहे, असं आम्ही म्हटलं होतं. आजही मी शोधते तर लपवण्यासारखं काही सापडत नाही. आम्ही सासूबाईंना छळत नव्हतो, त्याही लेकीचा द्वेष करत नव्हत्या. ऑफिसात ताळेबंद करण्याआधी मी एका रद्दी कागदावर कच्चे आकडे मांडते. त्यात चुका असतात, खाडाखोड असते, कधी रागानं ओढलेली रेघ असते. ऑडिटरला तो कागद मी दाखवत नाही. त्यात अफरातफर असते म्हणून नव्हे. ते आकडे अजून ठरायचे असतात म्हणून. माणसं घरात, मैत्रिणीशी, सुनेशी तसं कच्चं बोलतात. ते तिसऱ्याच्या हातात गेलं की त्याच क्षणी पक्कं होतं. इतकी वर्षं हिशेब करून हा फरक मला माझ्या हॉलमध्ये दिसला नाही, कारण माझं सगळं लक्ष भागाकार बरोबर तेराशे आला का याकडे होतं. तीन माणसांत खर्च वाटता येतो. एक घर कुठून कुठपर्यंत ऐकायचं, ते तसं वाटता येत नाही.

दिरांनी मध्यंतरी मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मला खरंच तिथे आल्यासारखं वाटायचं हो. दुपारी जेवताना मी ते लावून ठेवायचो. आई दिसायची." त्यांच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, ते मला जमलं नाही. मी म्हणाले, "भाऊजी, फोन करत जा. त्या उचलतील तेव्हा बोला." ते म्हणाले, "उचलत नाही ना ती पटकन." मी म्हणाले, "मग थांबायचं थोडं."

मे महिना संपत आला तेव्हा नाशिकहून सासूबाईंचा फोन आला.

"तुझ्या नणंदेच्या घरात हल्ली सगळे ओरडून बोलतात," त्या म्हणाल्या. "जावईसुद्धा. परवा घसा बसला त्यांचा, मिठाच्या गुळण्या करत होते."

"मग आता श्वास कोंडत नाही ना?"

"काल कारल्याची भाजी केली होती तिनं. मी म्हणाले, कारलं उसासारखं गोड केलंस, मांजरीच्या साखर संस्थेत पाठव संशोधनाला. तर म्हणते कशी, आई, तुझी जीभ पाठवूया, संशोधन तिच्यावर करू देत." पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. खांदे हलत असणार. "ठीक बोलली. अजून वेळ लागेल, पण ठीक बोलली."

मी विचारलं नाही, तरी त्याच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात येते. दर उन्हाळ्यात महिनाभर इकडे यायचं कबूल केलंय तिला. मोकळ्या मनानं केलंय."

जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी खाली टॅक्सी थांबली. नणंद सोबत होती. ड्रायव्हरनं सामान लिफ्टपर्यंत आणून ठेवलं. भाडं साडेचार हजार ठरलेलं होतं. नणंदेनं पैसे पाठवायला फोन काढला, नवरा खिशात हात घालत पुढे झाला, आणि मी नकळत आकडा तिनानं भागला. सासूबाईंनी तिघांनाही बाजूला केलं, कमरेचा बटवा काढला आणि पेन्शनच्या नोटा थुंकी लावून मोजल्या. साडेचार हजार रुपये टॅक्सीच्या ड्रायव्हरला दिले, सासूबाईंनी, रोख.